दिवा उजवीकडे

पारखी चारला येणार होता आणि दोन वाजून गेले तरी आईचा उजवा हात थांबायचं नाव घेत नव्हता.

घराच्या तळमजल्यावरच्या छापखान्यात, यंत्राकडे पाठ करून, ती आपल्या उंच खुर्चीत बसली होती. उजवा हात मांडीवर, त्यावर शालीचं टोक, आणि टोकावर डावा हात दाबून धरलेला. सकाळची गोळी घेतली की दोन तास बरे जायचे. आज तिनं एकीऐवजी दोन घेतल्या होत्या, कुणाला न विचारता. त्यानं तोंडाला कोरड पडली, डोकं जड झालं, हात मात्र शालीखाली आपला चालूच. दोन वर्षं तिनं हे घरापासून लपवलं होतं. आता आणखी दोन तास लपवायचं होतं आणि तेवढंही जमेल असं तिला वाटत नव्हतं.

भानगड सुरू झाली एका पत्रानं. आईला घरात आई म्हणत, घराबाहेर नुसतं ‘बाई’ म्हटलं तरी पुरे. पन्नास वर्षं ती चित्रं काढत होती. आधी साबणाची वेष्टनं, मग शाळेची पुस्तकं, मग लहान मुलांच्या गोष्टी, आणि पुढं नुसतीच चित्रं. वडिलांच्या वेळच्या जाड दगडांवर तेलकट खडूनं काढायची, आणि तिच्या भावानं, म्हणजे मुलांच्या मामानं, दगडाला शाई लावून एकेका चित्राच्या चाळीस प्रती छापायच्या. बस्स, चाळीसच. मग दगड घासून कोरा. ‘पायरीवरचं मांजर’ ज्यांच्या पाळण्यावर टांगलं होतं त्यांनी पुढं तेच आपल्या पोरांच्या पाळण्यावर टांगलं. बाहेर यंत्रातून हव्या तितक्या गुळगुळीत चित्रांच्या थप्प्या पडत होत्या, तरी लोक वर्ष-वर्ष थांबून हिच्याकडून एक कागद नेत, आणि नेताना हमखास त्यावरून बोट फिरवून बघत. दगडाची कड कागदात उमटलेली लागते, म्हणत. प्रत्येक प्रतीत मांजराची मिशी जराशी वेगळी, म्हणत. कुणीतरी बसून केलंय हे कळतं, म्हणत.

त्या बोट फिरवणाऱ्यांपैकीच एकानं चित्रदालनाला पत्र धाडलं. बाईंच्या चित्रांत सावलीच्या बारीक रेघा कायम डावीकडून उजवीकडे उतरत आल्या आहेत, शेवटच्या दोन चित्रांत मात्र त्या उजवीकडून डावीकडे उतरतात, तेव्हा हा हात बाईंचा नसून कुणा डावखुऱ्या माणसाचा आहे. शिवाय पेन्सिलीची सही नाही, दोन वर्षांपासून नुसता शिक्का. दालनवाल्यांनी पत्र पारख्याकडं दिलं आणि पारख्यानं कळवलं की तो घरी येऊन सगळ्यांसमक्ष बघेल. चित्रं परक्या हाताची ठरली तर पन्नास वर्षांचं प्रदर्शन रद्द होणार होतं. आणि एक चित्र खोटं निघालं की मागची शंभर खरी आहेत हे कोण मानणार?

सूनबाईला आठ दिवस झोप नव्हती. तिला एक गोष्ट माहीत होती, ती तिनं नवऱ्याच्या कानावर घातली होती, आणि आता घातली नसती तर बरं झालं असतं असं तिला होऊन गेलं होतं.

सासूबाई वर आपल्या खोलीत दार लावून काम करत. आत पाऊल टाकायचं ते फक्त झाडायला. लग्न होऊन आल्या वर्षी सूनबाईनं झाडताना टेबलावरचा दिवा उजवीकडं ठेवला होता, तेव्हा तिला चांगलंच ऐकून घ्यावं लागलं होतं. उजव्या हातानं काढणाऱ्याला दिवा डावीकडंच लागतो, नाहीतर आपल्याच हाताची सावली आपल्या रेघेवर पडते, एवढं साधं कळू नये? ते बोलणं तिला इतकं जिव्हारी लागलं की पुढं सतरा वर्षं दिवा तसूभर हलला नाही. आणि दीड वर्षापूर्वी एका सकाळी तिला तो उजवीकडं दिसला. तिनं मुकाट्यानं डावीकडं ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उजवीकडं.

त्या महिन्यात घरात पाहुणं कोण होतं? वन्सं. सासूबाई जिन्यात पडल्या म्हणून लेक महिनाभर राहायला आली होती. आणि वन्सं जन्माच्या डावखुऱ्या, हे तर या घरातलं लहान पोरही सांगेल. झालं, दोन आणि दोन चार. वन्सं गेल्यावरही दिवा उजवीकडंच राहिला, तो आजतागायत, ही गोष्ट मात्र सूनबाईनं हिशेबात धरलीच नाही. माणूस एकदा उत्तर ठरवून बसला की त्याला उरलेले आकडे दिसत नाहीत.

थोरल्यानं, म्हणजे सूनबाईच्या नवऱ्यानं, छापखान्याचं दार आतून लावलं आणि सगळ्यांना यंत्राभोवती बसवलं. घरचा कारभार त्याच्याकडं. चित्रांची ने-आण, दालनांशी पत्रव्यवहार, प्रदर्शनं, सगळं तोच बघायचा. स्वतःला एक रेघ धड मारता येत नाही याचं दुःख त्यानं आजवर कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. आज तो बहिणीवर चिडला होता, पण राग वरवरचा. त्याच्या खाली भीती होती. बाईंच्या नावावर भलत्याचं काम खपवतात असं उद्या चार लोक बोलले तर तोंड लपवायला जागा उरणार नव्हती, कारण चित्रं लोकांच्या हातात ठेवणारा तोच.

धाकटी बहीण नुकतीच प्रवासातून येऊन टेकली होती. पिशवी अजून पायाशीच होती. ती दूरच्या शहरात राहायची आणि डॉक्टरी शिकणाऱ्यांच्या पुस्तकांसाठी हाडं, स्नायू, शिरा काढायची. आईच्या लेखी ती चित्रं नव्हतीच. मायलेकींचं चार वर्षं धड बोलणं नव्हतं, त्यात तो पडण्याचा महिना तेवढा अपवाद.

थोरल्यानं आधी दिव्याची गोष्ट सांगितली. मग धाकटी घरी कधी आली, कधी गेली, चित्रं कधी निघाली, ते सगळं तारीखवार सांगितलं. सूनबाई खाली मान घालून बसली. नणंदेकडं बघायची तिची छाती झाली नाही.

“तू आईला हातभार लावलास, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही,” थोरला म्हणाला. “पण मला अंधारात का ठेवलंस?”

“मी एक रेघही काढलेली नाही, दादा.”

“मग एवढी लाल कशाला होतेस? खाई त्याला खवखवे.”

 धाकटीनं आईकडं बघितलं. आई आता सांगेल, बिनदिक्कत सांगेल, की माझ्या टेबलाला माझ्याशिवाय कुणाचा हात लागत नाही. आईला खपायचंच नाही असलं काही. पण आई भिंतीला लावून ठेवलेल्या दगडांकडं बघत राहिली, जणू ते आजच कुणी आणून ठेवले होते.

“आई, तू तरी सांग याला.”

“पारखी येऊ दे,” आई म्हणाली. “तो काय म्हणतो बघू.”

धाकटीला तोंडात मारल्यासारखं झालं. परक्यानं घेतलेला आळ झटकता येतो. आई गप्प बसली तर काय करायचं?

मोरीपाशी मामा स्पंज पिळत उभा होता. स्पंज केव्हाच कोरडा झाला होता, तरी तो पिळतच होता. या घरात सगळं ठाऊक असलेला तो एकटा, आणि त्याची जीभ दोन वर्षांपूर्वीच बांधली गेली होती.

त्याच्या डोळ्यांसमोर मात्र तीस-बत्तीस वर्षांपूर्वीची सकाळ होती. धाकटी तेव्हा सात वर्षांची. ताईनं आठ दिवस खपून एका दगडावर मोठं आभाळ काढलं होतं, पाखरांसकट. छापायच्या आदल्या संध्याकाळी पोरगी आत आली आणि हरखून जाऊन तिनं आपला डावा पंजा त्या आभाळावर ठेवला. दगडाला हात लावायचा नसतो. हाताचं तेल दगड पितो आणि नंतर तिथं शाई धरतो. सकाळी मामानं पहिला कागद उचलला तर आभाळाच्या मधोमध पाच बोटांचा चिमुकला काळा पंजा. आठ दिवसांचं काम गेलं.

ताई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं. तिनं रुमाल घेतला आणि पोरीचा डावा हात खुर्चीच्या दांडीला बांधला, आणि लिहायचं-काढायचं ते उजव्यानंच, असा दंडक घातला. डावा हात काढलेल्यावरून फरफटत जातो, म्हणाली, या कामात तो चालायचा नाही. मामानं तेव्हा एकदाच तोंड उघडलं होतं. ताई, दगडावर सगळं उलटं काढावं लागतं, अक्षरंसुद्धा उजवीकडून डावीकडं, मग इथं तर डावखुराच सोयीचा नाही का? तू आपला शाईचा रूळ फिरव, ताई म्हणाली. आणि त्यानं रूळ फिरवला. सहा महिने रोज तो रुमाल बांधला जाताना बघत त्यानं रूळ फिरवला. मग रुमालाची गरज उरली नाही.

आणि दोन वर्षांपूर्वी तीच ताई एका भल्या सकाळी जिना उतरून त्याच्यासमोर उभी राहिली आणि थरथरता उजवा हात पुढं केला. हा गेला, म्हणाली. आता दुसऱ्याला शिकवते. कुणाजवळ बोललास तर मी पुन्हा या छापखान्यात पाय ठेवणार नाही. तेव्हापासून मामा सगळे उठायच्या आत तिचे सरावाचे दगड घासून कोरे करत आला होता. पहिल्या महिन्यांतल्या त्या वाकड्यातिकड्या रेघा घासताना तो मान वळवून घ्यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, तो स्वतःला समजावायचा. आता ती मूठ झाकण्यासाठी भाचीचा बळी चालला होता आणि तो स्पंज पिळत होता.

“मामा, तुला काही ठाऊक आहे?” थोरल्यानं विचारलंच.

मामानं ताईकडं बघितलं. ताईनं मान किंचित, अगदी किंचित हलवली.

“मी छापणारा,” मामा म्हणाला. “दगड येतो, मी छापतो.”

थोरल्यानं आता काय करायचं ते सांगितलं. पारखी आला की कबूल करून टाकू. आईच्या देखरेखीखाली लेकीनं काढलं, दोघींची नावं घालू, माफी मागू. मागची चित्रं तरी वाचतील. हे बोलताना त्याचा आवाज मऊ झाला होता. बहिणीला वाचवतोय अशी त्याची मनापासून समजूत होती. सूनबाईनंही मान डोलावली. मामा काहीच बोलला नाही. आईसुद्धा नाही. एकूण चार माणसं एका बाजूला झाली आणि धाकटी एकटी पडली. चार वर्षांपूर्वी मायलेकींचं बिनसलं तेव्हा दादा आणि ती एका बाजूला होते आणि आई एकटी होती. या घरात पारडं असंच फिरत असे.

सूनबाई उठून चहा करायला गेली. इथं बसवेना म्हणून गेली खरं तर.

चहा आला. पेले वाटले गेले. धाकटीला चहा नको होता, ती नुसती बघत बसली होती, आणि बघणं हाच तिचा धंदा. तिनं आईला पेला उचलताना बघितलं. आईनं तो डाव्या हातानं उचलला. पेल्याचा कान डावीकडं वळवून घेतला, सराईतपणे, आणि एक थेंबही न सांडता ओठांशी नेला.

याच आईनं तिला डाव्या हातानं पाण्याचा पेलासुद्धा धरू दिला नव्हता.

मग धाकटीची नजर शालीवर गेली. खिडक्या बंद, दारं बंद, पंखा बंद, आणि शालीच्या टोकाची झालर मात्र हलत होती. थांबत नव्हती. एका ठेक्यात, अंगठा बोटांवर घासल्यासारखी. असला हात तिनं दोन पुस्तकांसाठी काढला होता, शेजारी रोगाचं नाव लिहायला जागा सोडून.

तिच्या काळजात धस्स झालं. आणि खोटं कशाला सांगा, त्याच्या आधी, क्षणभर, तिला बरं वाटलं. फिट्टंफाट झाली एकदाची, असं वाटलं. दिवा, रेघा, शिक्का, सगळं जागच्या जागी बसलं. आता नुसती शाल ओढायची, की दादाचं तोंड बंद, सगळ्यांची तोंडं बंद. ती खुर्चीतून अर्धी उठलीसुद्धा.

आईनं तिच्याकडं बघितलं. तिला कळलंय हे आईला कळलं. त्या चेहऱ्यावर धाकटीनं राग बघितला होता, तुसडेपणा बघितला होता, दुखणंही बघितलं होतं. भीती कधी बघितली नव्हती. आई लहान मुलासारखी भ्यालेली होती. धाकटी परत बसली.

चारला पाच मिनिटं कमी असताना दारावर थाप पडली.

पारखी बारीक चणीचा, हळू बोलणारा माणूस निघाला. त्यानं यंत्राला वळसा घालताना त्याला हात लावला नाही, हे मामाला आवडलं. त्यानं दोन्ही चित्रं लांबट टेबलावर पसरली, खिशातून भिंग काढलं आणि वापरलं मात्र नाही.

“बाई, मी तुमच्या मांजराखाली वाढलोय,” तो म्हणाला. “आईनं ते माझ्या पलंगावर लावलं होतं. तेव्हा आज मला इथं यायची किती भीती वाटली असेल ते बघा. मला एकच विचारायचंय. ही दोन चित्रं कुणी काढली?”

थोरला काही बोलणार तोच आई म्हणाली, “मी.”

“मग माझ्यासमोर चार रेघा काढाल? चारच. मी लगेच जातो.”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मामानं घासून ठेवलेला कोरा दगड होता, त्यावर हात टेकवायची फळी होती, शेजारी खडू होता आणि दिवा. दिवा डावीकडं होता. खालचं टेबल सगळ्यांच्या नजरेचं, इथं तो आईनं कधी हलवला नव्हता.

आई उठली नाही. उठली तर शाल सरकणार होती.  उजवा हात दिसला की संपलं, असं तिला वाटत होतं. मग ती बाई राहणार नव्हती. आजारी म्हातारी होणार होती, आणि चित्रांसमोर उभी राहून माणसं रेघ बघणार नव्हती, अरेरे म्हणणार होती. खोटी ठरलेली परवडली, पण अरेरे नको. पण मग पोरीचं काय?  पारखी थांबला होता. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज होत होता. सूनबाईनं पदराचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं की बोट पांढरं पडलं.

“मी काढली,” धाकटी म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या.

“आईला बरं नव्हतं. मी काढली दोन्ही. मी डावखुरी आहे. हवं तर घरात कुणालाही विचारा.”

थोरल्यानं डोळे मिटून घेतले. सुटलो, असं त्याला झालं. मामाच्या हातातून स्पंज पडला.

पारख्यानं पुन्हा चित्रांकडं बघितलं. त्याला हे उत्तर नको होतं हे दिसत होतं. “मग तुम्ही दाखवता?” त्यानं विचारलं. “काहीही काढा.”

धाकटी टेबलाशी गेली. तिनं खडू डाव्या हातात घेतला आणि फळीवर मनगट टेकलं. डाव्या हाताला आठवेल, असं तिला वाटलं होतं. इतकी वर्षं झाली तरी आतून कुठूनतरी आठवेल. काय काढायचं ते सुचेना, म्हणून तिनं घर काढायला घेतलं.

भिंत वाकडी आली. दुसरी पहिलीला मिळेना. छप्पर एका बाजूनं लोंबलं. खडू बोटांत ठरत नव्हता, ती मुठीत धरून रेटत होती, जीभ नकळत दातांखाली आली होती. छपरावर तिनं धुराडं काढलं आणि धुराड्यातून धुराचं वेटोळं. लहान मुलं काढतात तसलं. तिचा डावा हात सात वर्षांचाच राहिला होता. उजव्यानं ती माणसाच्या तळहाताची सत्तावीस हाडं न बघता काढायची. हा हात मात्र रुमाल बांधला तिथंच थांबला होता.

पारख्यानं दगडाकडं बघितलं, मग चित्रांकडं, आणि धाकटीकडं बघायचं त्यानं टाळलं. थोरला जागेवरच उभा राहिला. जे तो दुपारपासून घडाघडा सांगत होता ते सगळं त्या वाकड्या घरासमोर पडलं होतं. सूनबाईला रडू फुटलं.

“बाई, मला माफ करा,” पारखी हलक्या आवाजात म्हणाला. “हा हात तो नाही. मग मला लिहावं लागेल, की चित्रं कुणा तिऱ्हाइताची आहेत.”

आई त्या घराकडं बघत होती. ते घर तिला पाठ होतं. धुराच्या वेटोळ्यासकट.

“सूनबाई,” ती म्हणाली.

“जी.”

“दिवा उजवीकडं घे.”

सूनबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं. दीड वर्ष ज्या दिव्याचा तिनं नको तो अर्थ लावला होता तो तिनं दोन्ही हातांनी उचलला, तार ओढून, आणि टेबलाच्या उजव्या अंगाला ठेवला. ठेवताना तिला वन्संच्या पायांवर पडावंसं वाटत होतं.

आई उठली. शाल खाली पडली. उजवा हात सगळ्यांसमोर कमरेशी लोंबत राहिला आणि थरथरत राहिला, आणि आईनं तो लपवला नाही. लपवायला दुसरा हात मोकळा नव्हता. त्यात खडू होता. ती टेबलाशी आली, लेकीच्या शेजारी, आणि त्या वाकड्या घराच्या बाजूला तिनं झाडाचा बुंधा धरला. फांद्या काढल्या. मग बुंध्याच्या एका अंगाला सावलीच्या रेघा, एकीला एक लागून, न थांबता, चार नाही, चाळीस. श्वास घेताना ती थांबायची तेवढंच. रेघा कुठंही थरथरल्या नाहीत.

पारख्यानं आता भिंग लावलं. बराच वेळ बघितलं आणि भिंग खिशात टाकलं.

“तुम्हीच,” तो म्हणाला.  “पण पत्राला उत्तर द्यायचं तर मला हातांचंही लिहावं लागेल, बाई.”

“लिहा,” आई म्हणाली. “उजवा गेला, हा डावा आहे म्हणून लिहा. मला फार भीती वाटत होती. अजून वाटतेय. तरी लिहा.”

थोरल्याला बहिणीला काहीतरी म्हणायचं होतं. तो तिच्याजवळ गेला आणि तिची पिशवी तेवढी उचलून बाकावर ठेवली. धाकटीनं तिकडं बघितलंही नाही. ती आईच्या हाताकडं बघत होती, डाव्या.

“कुणी शिकवलं तुला?”

 आईनं खडू खाली ठेवला.

“तुझी वही होती कपाटात. तेव्हाची, डाव्या हातानं काढायचीस ती. फेकली नव्हती मी. मला रेघ जमेना, मग ती काढली आणि गिरवायला बसले. घर, मांजर, मामाचं यंत्र. रोज एक पान. कुठून वळायचं, कुठं जोर द्यायचा, सगळं त्यात होतं. सात वर्षांच्या पोरीला जे येत होतं ते मला सत्तरीत येत नव्हतं.” ती थांबली. “वही अर्ध्यावर संपली. पुढं कोरी पानं. ती कोरी का आहेत ते मला ठाऊक होतं. त्या दिवशी मी दार लावून खूप रडले गं.”

“मला ऐकू आलं होतं,” धाकटी म्हणाली. “तू पडली होतीस त्या महिन्यात, जिन्यातून. मला वाटलं, पाय दुखतोय.”

मामानं मोरीपाशी खालचा स्पंज उचलला आणि सवयीनं विचारलं, दगड घासून टाकू का? आई नको म्हणाली. छाप म्हणाली, घर आणि झाड दोन्ही, आहे तसं. मामा डिंकाचं पाणी आणायला वळला, आणि त्यानं आपले डोळे काळ्या बाहीनं पुसले, त्यामुळं त्याच्या नाकावर शाई लागली.

धाकटी दगडावर वाकली. घर जवळून बघायचं होतं तिला. वाकताना तिचा डावा हात आधारासाठी पुढं गेला, दगडापासून दोन बोटांवर येऊन थबकला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं झटकन पाठीमागं गेला.

“हात लागेल,” ती म्हणाली.

“लागू दे,” आई म्हणाली.